नवव्या भागातली भट्टी

सालवड,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी सहा

ती. दिनूमामांना समिधाचा नमस्कार.

तारीख, वार, वेळ तिन्ही घातली आहेत. ‘दिनांक नसलेलं पत्र ही अफवा असते’ हे तुमचं वाक्य मला बाराव्या वर्षापासून पाठ आहे, तेव्हा हे परत पाठवू नका. उद्या तुमच्या केळव्याची जिवली भाजी आणि पानं घेऊन बोईसरला आली की तिच्या टोपलीत टाकते. ड्युटीवर फोन गेटवर जमा असतो आणि घरी आल्यावर बोलायचं त्राण नसतं, म्हणून आपला हा जुना टपालमार्गच बरा.

‘निळ्या भट्टीचं गाव’चा नववा भाग शनिवारी आला. पाहिलात का? मी पाहिला आणि इतकी निराश झाले की दोन दिवस लिहायला बसले नाही. आठ भाग त्यांनी काय रचलं होतं, आठवा. डोंगरातलं गाव, भांडी भाजणारी एकच भट्टी, तिच्या आत भूत आहे की नुसती आग हे कोणालाच माहीत नाही, आणि तिच्यावर नजर ठेवायला नेमलेली मिओ. आठव्याच्या शेवटी भट्टीला केसाएवढी चीर. आठवडाभर मी ती चीर डोक्यात घेऊन फिरले.

आणि नवव्यात काय? भट्टीचा काटा बासष्टवर अडकतो. तासातासाला काटा बघून वहीत आकडा लिहायचा, हे मिओचं काम. बासष्ट, बासष्ट, बासष्ट. तिसऱ्या दिवशी तिला शंका येते. ती भट्टीच्या बाहेरच्या कवचाला हात लावून बघते तर हात टेकवत नाही, डावा तळवा भाजतो. ती भट्टीप्रमुखाकडे जाते, त्या कुराताकडे. कुराता वाईट माणूस नाही हे लक्षात घ्या. तिला कामावर त्यानेच घेतलंय, तिच्या घरच्यांचाही तो लाडका आहे. तो म्हणतो, काटा बदलायचा तर भट्टी चार दिवस थंड ठेवावी लागेल, मोठी मागणी आहे, महिनाअखेरपर्यंत निभावून ने. काटा दाखवतो ते लिही. आणि ती लिहिते. संपला भाग.

बास, एवढंच. कोणी ओरडत नाही, कोणी पळत नाही. मला राग याचा आहे की लेखकाने तिला मूर्ख ठरवलंय की भित्री, तेच समजत नाही. आठ भाग जी मुलगी कंदील घेऊन एकटी डोंगर चढते, ती एका वाक्यासरशी मान खाली घालते? चित्रंसुद्धा थकलेली. जिथे हातपाय काढायचा कंटाळा आला तिथे नुसती वाफ सोडली आहे.

तुम्ही सांगा, मिओचं चुकलं का? मला तुमचा निकाल हवा आहे. लवकर.

शैलेशदादा रविवारी तुमच्याकडे येतात तेव्हा यातलं काही बोलू नका. माझे साहेब असले तरी तुमचे विद्यार्थी आहेत, ‘अजून कार्टून बघतेस’ म्हणून हसतात.

समिधा



केळवे,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५, शाळा सुटल्यावर

चि. समिधा हिला केळव्यातल्या दोन्ही शिक्षकांचे आशीर्वाद. एक मी, दुसरी तुझी मामी, जी मला शिकवते.

नववा भाग पाहिला. शनिवार-रविवार वाडीत सुपारी उतरवायची होती, तरी वेळ काढला. तुझी टीका वाचून समाधान वाटलं. बशीएवढ्या डोळ्यांच्या या मंडळींना मी लॉकडाऊनात नाकं मुरडली होती, ती तू सरळ केलीस, आणि आता तूच मुरडतेस. शिष्याने गुरूच्या जागी बसावं ते असं.

तुझ्या मुद्द्यांकडे येतो. बासष्टचं गणित मला समजलं नाही. बासष्ट अंशांवर भांडी कशी भाजतील? बासष्टला मामीचा चहासुद्धा उकळत नाही. जपानी अंश निराळे असतील असं मनाशी ठरवून मी पुढे गेलो. रसाबद्दल तू म्हणतेस ते मान्य: आठ भाग भय साठवायचं आणि नवव्यात ते कारकुनीत जिरवायचं, हा रसभंग आहे. पण रस वेगळा आणि नीती वेगळी. मिओचं चुकलं नाही. नोंद ठेवणारा हा साक्षीदार असतो, न्यायाधीश नसतो. काट्याने जे दाखवलं ते त्याने लिहावं, स्वतःच्या तळहाताचं मत वहीत घुसडू नये. उद्या दुसरा येईल, त्याचा तळहात थंड असेल, तो चाळीस लिहील. मग वही कशाला? शिवाय कुराताने त्या भट्टीपुढे वीस वर्षं घालवली आहेत. ज्याने कामाला लावलं त्याच्यावर आठवड्याच्या आत अविश्वास दाखवणं बरं दिसत नाही. निभावून न्यावं. निकाल लागला. अपील नाही.

तुझं पत्र आज मी नववीच्या वर्गात वाचून दाखवलं, तुझं नाव गाळून. ‘या भागात रसभंग कसा होतो’ यावर दहा ओळी लिहून घेतल्या आणि वह्या लगेच तपासूनही टाकल्या. वाचत असताना दीपाली नावाची मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, नवव्यात भट्टी नायच हाय. सगले गरम पान्यात बसतात.” मी म्हटलं, बाई गं, तू पाहिलास तो हिंदीतला, त्यात कापाकापी असते. मूळ पाठ आणि पाठभेद यांत फरक असतो. बस आणि लिही. बसली. हल्लीची मुलं मूळ न पाहता मत देतात, ही माझी जुनी खंत.

शैलेश रविवारी तू गेल्यावर येऊन गेला. नेहमीसारखा पाया पडला. म्हणाला, “सर, समिधाची लॉगशीट बघा एकदा. छापल्यासारखं अक्षर.” मला बरं वाटलं. तो माणूस झाला यात माझा वाटा आहे आणि तू त्याच्या हाताखाली आहेस म्हणून मी निर्धास्त झोपतो.

मामी विचारते, तव्यावर भाजलेला तळहात कसा आहे? मागच्या रविवारी तू पट्टी सोडू दिली नाहीस म्हणून ती अजून कुरकुरते आहे. सोबत कोरफडीचं पान आहे. ते लावायचं आहे, त्यावर टीका करायची नाही.

तुझा दिनूमामा



सालवड,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी सात

ती. मामांना नमस्कार.

निकाल मिळाला. दोनदा वाचला. अपील नाही म्हणालात, म्हणून करत नाही.

दहावा भाग सांगते. मिओ बासष्ट लिहीत राहते. तुम्ही म्हणालात तसं. तळहाताचं मत वहीत येऊ देत नाही. पण आता तिला भट्टीचा आवाज ऐकू येतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो जसा आतल्या आत धुमसतो ना, तसा. कुराताला सांगितलं तर तो म्हणतो, ही आधीपासूनच आवाज करते, तू नवीन आहेस. बरोबरचा म्हातारा कामगार हल्ली हातावर थुंकी लावून कवचाला टेकवतो आणि चर्र वाजलं की मिओकडे बघून हसतो. ते हसणं मला बघवत नाही.

ती आता भट्टीकडे पाठ करत नाही. आकडा लिहितानाही दाराकडे एक डोळा असतो. दारापर्यंत अठरा पावलं आहेत. तिने मोजली आहेत. मध्ये एक पिंप आहे, ते सरकवून ठेवते, कोणीतरी परत आणून ठेवतं. घरी गेल्यावर ती जेवताना मध्येच थांबते. पंखा बंद करते, कारण पंख्याच्या आवाजात दुसरा कुठला आवाज बुडाला तर कळणार नाही.

बुधवारी दुप्पट माल चढवणार आहेत. मागणी गुरुवारी जायची आहे.

मला एवढंच विचारायचं होतं की लेखकाने तिला आता काय करायला लावावं. वहीत खरं लिहिलं तर कुरातावर अविश्वास होतो, आणि ज्यांनी तिला वाढवलं त्यांना खाली बघावं लागतं. नाही लिहिलं तर काय होतं ते तुम्हीच बघा. बुधवारच्या आत काही सुचलं तर कळवा. उद्यानंतर जिवली एकदम शुक्रवारीच येते हे माहीत आहे मला, तरी लिहिते.

दीपालीला ओरडू नका. ती नीट बघते.

समिधा



कारखान्याच्या फाटकाबाहेरून,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५, दुपारी एक वाजून दहा मिनिटं

समिधा,

मी नववा भाग पाहिलेला नव्हता. तुला खोटं सांगितलं. वर्गालाही सांगितलं.

तुझं पत्र काल जिवलीने दिलं, मी वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आणि आज मधल्या सुट्टीत घरी येऊन उघडलं. ‘बुधवारच्या आत’ वाचलं आणि अडखळलो. मालिका शनिवारी येते, मग बुधवार कशासाठी? तेव्हा मामीचा मोबाइल घेऊन नववा भाग लावला. बावीस मिनिटं गरम पाण्याचं कुंड आहे. भट्टी एकदाही दिसत नाही. मामी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “ती उजव्या हाताने भाकरी भाजते. डावा तळवा तव्याला कसा लागेल?” उजव्या हातात तुझं पेन असतं. ते मला आत्ता समजलं.

शैलेशला फोन केला. “सर, सगळं व्यवस्थित आहे, रविवारी येतो,” म्हणाला आणि ठेवला. फाटकावर मला आत घेत नाहीत. पंढरी नावाचा रखवालदार आहे, तो म्हणतो माणूस नाय जाणार, डबा जाईल. समोरच्या खानावळीतून डबा घेतला आहे, त्यात हे ठेवतो.

माझा निकाल रद्द. तळहाताचं लिही. लिहायलाही थांबू नकोस, आधी बाहेर ये. बाकीच्यांना घेऊन ये. शैलेशचं मी बघतो. मी फाटकासमोर उभा आहे.

दिनूमामा



सफाळे,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५, सकाळ

ती. मामांना नमस्कार.

त्या दिवशी रिक्षात तुम्ही काही विचारलं नाहीत आणि मी काही सांगितलं नाही. आईच्या घरी सोडून तुम्ही गेलात, तेव्हापासून मी एका खोलीत बसून आहे. आईने दार लोटलं तरी मी दचकते. म्हणून लिहितेच आता. यात मिओ नाही.

रिअ‍ॅक्टरचं म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीचं तापमान दाखवणारा इंडिकेटर सहा तारखेला ६२वर अडकला. बाहेरच्या कवचातून, जॅकेटमधून, थंड पाणी फिरतं, त्याची एक बाजू चोंदली होती, तिथे आतली धग बाहेर यायची, त्यामुळे आत किती आहे ते फक्त हातालाच समजायचं. थुंकी लावणारा म्हातारा म्हणजे महादू. तीस वर्षं ऑपरेटर आहे. शैलेशदादांना मी दोनदा सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “समिधा, सरांच्या घरची मुलगी तू, तुला मी अडचणीत टाकीन का?” त्यानंतर मला तुमच्याकडे तक्रार कशी लिहायची ते कळेना. तुम्ही त्यांचं नाव निघालं की झोपाळ्यावर ताठ बसता, मामा. म्हणून भट्टी लिहिली. वाटलं, तुम्ही मिओला नीट न्याय द्याल, तिचे मामा नसल्यामुळे.

डबा दोनच्या आत आला. वरच्या पुडात पोळ्या, खालच्यात तुमची चिठ्ठी, भाजीचं तेल लागलेली. पहिलं वाक्य वाचलं आणि तिथेच बसले. तुम्ही एखादी गोष्ट पाहिलेली नाही असं म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग उठले. लॉगशीटवर लिहिलं, ‘दुपारी २. इंडिकेटर ६२. तो चालत नाही. हाताला टेकवत नाही.’ खाली सही. आत माल सोडणारा फीड बंद केला, पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह उघडला, भोंगा दाबला.

मामा, तो महिन्यातला तिसरा बुधवार होता. दर तिसऱ्या बुधवारी मॉक ड्रिल असतं. भोंगा वाजला की सगळ्यांना अर्धा तास उन्हात उभं करतात, म्हणून माणसं डबा, पाण्याची बाटली, कोणी तर पत्त्यांचा कॅट घेऊन निघतात. मी ओरडत होते, खरा आहे, खरा आहे, आणि ते हसत होते, “मॅडम, हर बार यही बोलते हैं.” तुम्ही फाटकातून बघितलंत ना, कसे रमत आले ते. मैदानात मी मोजले. तेवीस. एक कमी. महादू डबा आणायला परत गेला होता. दोन वाजून वीस मिनिटांनी सेफ्टी डिस्क, दाब फार चढला की फुटायला ठेवलेली चकती, फुटली. तो आवाज धुमसण्यासारखा नव्हता. तो एकदम होता, आणि मग काहीच आवाज नव्हता.

महादूचे दोन्ही हात आणि मान भाजली आहे. शुद्धीवर आहे. त्याची बायको हंसा दवाखान्यात मला म्हणाली, “ताई, तुमी भोंगा नसता वाजवला तं चोवीस जनांच्या बायका बसल्या असत्या आज इथं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पन डबा ठेव म्हनून सांगायला पायजे होतं ना त्याला.” दोन्ही खरं आहे. दुसरं मला झोपू देत नाही.

आता भीती सांगते. कंपनीची नोटीस आली आहे. चौदा दिवस माझ्या सहीने ६२ लिहिलेलं आहे. इंडिकेटर बिघडल्याची लेखी नोंद कुठेही नाही. दोन वाजताची ओळ असलेलं पान सापडत नाही असं म्हणतात. शैलेशदादांनी चौकशीत सांगितलंय की मी त्यांना कधी काही बोलले नाही. बुधवारी पालघरला सरकारी चौकशीत माझा जबाब आहे. महादूला काही झालं तर पोलीस केस माझ्यावर. छापल्यासारखं अक्षर, माझंच, माझ्याविरुद्ध. मी तेव्हा एखाद्या कागदावर, कुठेतरी, कोणालातरी एक ओळ खरी लिहून ठेवायला हवी होती.

समिधा



केळवे,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेनऊ

चि. समिधा,

तुझा जबाब बुधवारी झाला, माझा काल. मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं, कारण मला खात्री नव्हती की तिथे गेल्यावर माझी जीभ वळेल. आज शाळेत पहिल्या तासानंतर रजा टाकून हे लिहितो आहे आणि पोस्टाने पाठवतो आहे, शिक्क्यासकट.

आधी शैलेश. तो रविवारीही आला. नेहमीची वेळ, नेहमीची जागा. पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत, सवय लाजेपेक्षा जुनी असते. म्हणाला, “सर, समिधाला सांगा, नजरचूक झाली असं लिहून दे म्हणावं. कंपनी सांभाळून घेईल. पान गेलं ते गेलं.” मी विचारलं, तिने तुला सांगितलं होतं का? तो सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, “सर, वहीत दिसतं तेच लिहावं, मनातलं घालू नये, हे तुम्हीच शिकवलंत.” समिधा, मला त्या माणसाची भीती वाटली नाही. तो माझ्या आवाजात बोलत होता, त्याची वाटली. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याच्या हातातला अडकित्ता काढून घेऊन परत आत गेली. एवढंच झालं. तो उठून गेला.

नंतर त्याच संध्याकाळी तुझं पत्र हातोहात आलं. ‘कोणालातरी एक ओळ’ असं तू लिहिलंस. वेडे, तू दोन पानं लिहिली होतीस. दहा तारीख, सोमवार, संध्याकाळी सहा. ती माझ्याकडे होती.

चार दिवस मी ती पानं छातीशी धरून घाबरलो. कारण त्यात भट्टी आहे, जपानी मुलगी आहे, आणि कारखान्याचा उल्लेख नाही. कोणीही म्हणेल, पोरीने कार्टूनबद्दल लिहिलंय. आणि हे कार्टूनबद्दल नाही हे सांगायचं तर मला आधी सांगावं लागणार होतं की मी कार्टून न पाहता त्यावर निकाल दिला, आणि त्या निकालावर तू आणखी सहा दिवस गप्प राहिलीस. तीस वर्षं ज्या तोंडाने शिकवलं त्याच तोंडाने हे म्हणायचं होतं. रिक्षातून पालघरला जाताना मी दोनदा चालकाला थांबवलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “काका, उलटी होते काय?” मी हो म्हटलं.

चौकशी अधिकारी बाई आहेत. सर्दी झालेली, समोर वाफाळणारा पेला. पत्र वाचून म्हणाल्या, “हे नंतर लिहिलेलं नाही कशावरून? आणि हा प्रसंग मालिकेत नाही कशावरून?” मी म्हटलं, दुसऱ्या प्रश्नाला बावीस मिनिटं लागतील. त्यांनी घड्याळ बघितलं, मग फोन टेबलावर पेल्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघांनी नववा भाग पाहिला. टंकलेखनाला बसलेला विनोदही खुर्ची ओढून आला. तुझी टीका इथे मी पूर्ण करतो: आठ भाग साठवलेलं भय लेखकाने गरम पाण्यात सोडलं आहे, सगळे कुंडात बसून मोदकासारखं काहीतरी खातात, एक माकड येतं, ते मात्र उत्तम काढलं आहे. भट्टी नाही, काटा नाही, बासष्ट नाही. इतका वाईट भाग मी इतक्या धडधडत्या छातीने कधी पाहिला नव्हता. प्रत्येक दृश्य बदलताना वाटे, आता भट्टी दिसली तर?

दिसली नाही. बाईंनी नाक पुसलं. म्हणाल्या, “ठीक. आता तारीख.”

मी पिशवीतून नववीच्या एकेचाळीस वह्या काढल्या. तेरा नोव्हेंबर, दहा ओळी, खाली माझी लाल सही. प्रत्येक वहीत अडकलेला काटा, बासष्ट, भाजलेला तळवा, ‘काटा दाखवतो ते लिही’ म्हणणारा प्रमुख. अपघाताच्या सहा दिवस आधी. बाईंनी आठ-दहा वह्या उलटल्या. मग एका वहीवर थांबल्या आणि ती मोठ्याने वाचली. वही दीपालीची होती. तिने लिहिलं होतं, ‘असा प्रसंग या भागात नाही. मी दोन वेळा पाहिला आहे. तरी सर सांगतात म्हणून लिहिते.’ आणि पुढे नऊ ओळी, माझ्या मनासारख्या. खाली माझी बरोबरची लाल खूण, सही, तारीख.

मी ती वही न वाचता सही केली होती.

बाईंनी त्या सहीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, “गुरुजी, लॉगशीटवर साहेबांची सही अशीच असते का हो?” मी म्हटलं, शिकला माझ्याकडेच. विनोदने हे टाइप करू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “कर.”

निकाल काहीही नाही. वह्या ठेवून घेतल्या, पत्राची नक्कल घेतली, हरवलेलं पान शोधायचा कंपनीला लेखी हुकूम काढला. तुझी नोटीस अजून उभी आहे. महादूच्या डाव्या हाताची दोन बोटं राहतील की नाही ते डॉक्टर सोमवारी सांगणार. मी खोटा धीर देत नाही, त्याचे परिणाम पाहिले आहेत. बाहेर बाकावर शैलेश बसला होता. मी समोरून गेलो तसा सवयीने उठला, पायांकडे अर्धा वाकला आणि तिथेच थांबला. मीही थांबलो. मग मी निघालो.

आज सकाळी शाळेत जाऊन दीपालीला वर्गासमोर सांगितलं की तिचं बरोबर होतं आणि सरांनी तो भाग पाहिलेला नव्हता. तेवढ्यात बाहेरच्या माडाची झावळी पडली आणि मी टेबल धरलं. हल्ली असं होतं. मामी कुकर लावते तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहतो. दीपाली म्हणाली, “सर, मंग माझी वही कधी मिलल?” ते मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

निघताना बाईंनी एक विचारलं होतं, चौकशीबाहेरचं. “दहाव्यात भट्टीचं काय होतं हो?”

मी म्हटलं, ठाऊक नाही. मी पाहिलेला नाही.

तू आलीस की बघू.

दिनूमामा